वहिनी मला काय विचारत होत्या

बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५
जसोंडी

प्रथम क्षमा मागते. कोणाची, हे मला नीट ठाऊक नाही. दैनंदिनी लिहिण्याचा अधिकार ज्यांच्या आयुष्यात काही घडते त्यांचा आहे, आणि माझ्या एकवीस वर्षांत दोनच गोष्टी घडल्या. बऱ्हाणपूरच्या मराठी शाळेत मी दहावी-बारावीला पहिली आले. आणि महाविद्यालयात गेल्यावर, मध्य प्रदेशच्या रीतीप्रमाणे, सगळे हिंदीत चालू झाले तेव्हा माझे बोलणे जवळजवळ बंद झाले. वर्गात मी लिहिते, बोलत नाही. तरीही हे लिहिण्याचे धार्ष्ट्य करते, कारण आमच्या घरात आता काहीतरी घडू घातले आहे.

गणेशदादाने शेतामागच्या टेकडीवरून नाल्यापलीकडे केळीच्या बागेपर्यंत पोलादी तार ओढली आहे. माणूस पट्ट्यांत अडकून तारेवरून घरंगळत जातो. दादा तिला झिपलाईन म्हणतो. आई नुसती ‘तार’ म्हणते. शिवाय चार चाकांची एक मोटारसायकल आली आहे, ती बागेभोवतीच्या कच्च्या वाटेवर उड्या मारत धावेल. दादाचा मित्र मोहित खंडव्याचा. त्याने असे काम दुसरीकडे केले आहे.

“केळीला भाव कधी असतो, कधी नसतो,” दादा जेवताना म्हणाला. “माणसाच्या हौसेला नेहमी असतो.”

आई म्हणाली, “हौसेनं खाली पडला तर?”

“तर तोही पैसे देऊन पडेल, आई.”

सगळे हसले. वहिनी हसल्या नाहीत. त्या चिमीला भरवत होत्या.

शनिवार, १५ नोव्हेंबर

सकाळी न्हाणीच्या मागे वहिनी उलटी करताना दिसल्या. मी पाण्याचा तांब्या घेऊन धावले. त्यांनी चूळ भरली, माझा हात घट्ट धरला आणि म्हणाल्या, “ताई, कोणाजवळ बोलायचं नाही.”

मला समजायला थोडा वेळ लागला. मग फार आनंद झाला. चिमी आता चार वर्षांची आहे; आई दर सणाला देवापुढे काय मागते ते आम्हाला सर्वांना ऐकू येते.

“दादाला?”

“त्यांनापण नाही. तीन महिने भरल्याशिवाय तोंडातून काढू नये, दृष्ट लागते. घ्या शपथ.”

“कोणाची?”

“तुमच्या पुस्तकांची. तीच तुम्ही मोडणार नाहीत.”

मी शपथ घेतली. तीन महिने न सांगण्याची रीत मलाही ठाऊक आहे. गावात सगळ्याच पाळतात. नवऱ्यालासुद्धा न सांगणे मात्र मी प्रथमच ऐकले. पण संकोच ही गोष्ट मला कुणी समजावून सांगण्याची गरज नाही. घरात इतकी माणसे असताना वहिनींनी माझ्यावर विश्वास टाकला, याचा दिवसभर अभिमान वाटत राहिला.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

काल दुपारी आई वाटीभर डाळ आणायला शेजारी गेली होती, तेव्हा वहिनी माझ्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

“ताई, एक विचारू? दिवस गेलेली बाई त्या तारेवर बसली तर काय होतं? आणि त्या गाडीवर? वाचून सांगाल?”

कोणी मला काही वाचून सांगायला सांगितले की मला जगात जागा मिळाल्यासारखे वाटते. आज मी महाविद्यालयाच्या वाचनालयात प्रसूतिशास्त्राचे जुने पुस्तक काढले, मोबाइलवरही डॉक्टरांनी लिहिलेले वाचले. सार असे: पहिल्या तीन महिन्यांत गर्भाशय ओटीपोटाच्या हाडांच्या आत खोल असते, त्यामुळे नुसत्या हिसक्याने किंवा वेगाने गर्भाला अपाय होण्याची शक्यता कमी. या काळात जे गर्भपात होतात ते बहुतेक गर्भातल्याच दोषामुळे होतात. बाईने काही केले म्हणून नव्हे. मात्र उंचावरून पडणे, पोटावर जोराचा आघात होणे, हे धोक्याचे. म्हणून डॉक्टर अशा खेळांपासून दूरच राहायला सांगतात.

हे सगळे मी वहिनींना भाजी निवडताना सांगितले. त्यांनी इतके लक्ष देऊन ऐकले की माझ्या कोणत्याही प्राध्यापकाला हेवा वाटावा.

“म्हणजे धक्क्यानं नाही होत?”

“सहसा नाही.”

“आमच्या माहेरी, धूलकोटला तर म्हणतात, बैलगाडीत बसू नको, पपई खाऊ नको.”

“त्यात फारसे तथ्य नाही, वहिनी.”

“मग पडल्यावर होतं?”

“होऊ शकते. जोरात पडल्यावर. म्हणूनच जपायचे.”

त्यांनी मान हलवली. निवडलेल्या मेथीची जुडी पुन्हा सोडून त्या पुन्हा निवडू लागल्या. इतकी जागरूक आई मी पाहिली नाही.

रविवार, २३ नोव्हेंबर

टेकडीच्या पायथ्याशी लावायच्या फलकाचा मजकूर दादाने मला लिहायला सांगितला, मराठीत आणि हिंदीत. मी लिहिले: हृदयविकार, पाठीचे दुखणे, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असलेल्यांनी व गर्भवती महिलांनी यात भाग घेऊ नये.

मोहितने वाचले आणि हसला. “दीदी, ये लाइन काट दो.”

“का?” मी विचारले. इतके बोलायलाही मला धीर करावा लागला.

“कौन बोलेगी? सासरा सोबत, जेठ सोबत. तिला मी विचारणार, ‘भाभी, आप पेट से हो क्या?’ जूते पडेंगे मुझे.”

दादा म्हणाला, “बरोबर आहे. आपल्याकडे बाया नवऱ्याला सांगत नाहीत तीन-तीन महिने, मग फलकाला काय सांगतील? आणि दारातच असला शब्द लिहिला तर घरंदाज लोक येणार नाहीत. काढ ते.”

मी त्या ओळीवर काट मारली. वहिनी चहाचे पेले उचलत होत्या. दादाने ‘नवऱ्याला सांगत नाहीत’ म्हटले तेव्हा मी त्यांच्याकडे पाहायचे टाळले. शपथ घेतल्यापासून मला आपला चेहरा पारदर्शक झाल्यासारखा वाटतो.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. उद्घाटन झाले.

आमच्या घराची रीत अशी, की नव्या वस्तूवर पहिला मान सवाशिणीचा. ट्रॅक्टर आला तेव्हा वहिनी आधी बसल्या, मग दादा. विहिरीवर नवी मोटार बसवली तेव्हा बटण वहिनींनीच दाबले. हे मला आधीच सुचायला हवे होते. पुस्तकातले सुचते, घरातले सुचत नाही. नारळ फुटला, तारेच्या खांबाला हळदीकुंकू लागले आणि आई म्हणाली, “प्रतिभा, चल. पहिली तू.”

मी पुढे झाले. “आई, मी बसते.”

“तुझं लग्न झालंय का? गप उभी राहा.”

“पण आई, वहिनींना... उंचीची भीती वाटते.”

जमलेले लोक हसले. आई म्हणाली, “पाच वर्षं माझ्यासोबत काढली तिनं, तिला उंचीची काय भीती?”

वहिनी पुढे आल्यासुद्धा. मोहितने सांगितले की साडीवर पट्टे बसणार नाहीत. मग दादाची विजार आत घालायची ठरली. “सासूसमोर पँट!” कोणीतरी ओरडले. आई ठसक्यात म्हणाली, “पाय झाकले म्हणजे झालं. तुझ्या बायकोचे झाक आधी.” वहिनी पत्र्याच्या आडोशाला जाऊन विजार घालून आल्या. पट्टे आवळताना मी अगदी जवळ गेले आणि कुजबुजले, “वहिनी, चक्कर आली म्हणून सांगा. मी सावरून घेते.”

“काही होत नाही, ताई. तुम्हीच सांगितलं ना.”

“मी पडल्यावर होते असेही सांगितले होते.”

त्यांनी माझ्याकडे पाहिले. “हो,” म्हणाल्या, “लक्षात आहे.”

“डरना मत भाभी, एकदम सेफ है,” मोहित म्हणाला आणि त्यांना सोडून दिले.

त्या ओरडल्या नाहीत. बाकीचे सगळे ओरडतात. केळीच्या पानांवरून एक हिरवी साडी शांतपणे सरकत गेली आणि पलीकडच्या गादीवर जाऊन थडकली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा वहिनी चालत नाला ओलांडून परत येत होत्या.

“कसं वाटलं?” दादाने विचारले.

“पुन्हा बसू?”

दादाला इतका आनंद झालेला मी कधी पाहिला नव्हता. त्यांना त्याने आणखी दोनदा बसवले आणि मोबाइलवर चित्रण केले: ‘पहा, घरची सून बसते.’ नवऱ्याच्या धंद्यासाठी एखादी स्त्री किती करू शकते, याचा विचार करत मी घरी आले. हे धाडस थोर आहे की वेडे, ते मला ठरवता येत नाही. मी शपथ मोडायला हवी होती का, तेही ठरवता येत नाही.

सोमवार, १ डिसेंबर

सकाळी वहिनींनी केळीचे घड भरलेल्या ट्रॉलीवरून खाली उडी मारली. फळीवरून उतरता येत असताना. मी रागावले. म्हणाल्या, “पाय घसरला, ताई.”

दुपारी मी पुन्हा आठवण करून दिली: जड उचलू नका, उड्या नकोत, तारेजवळ जाऊ नका. “माहीत आहे सगळं,” त्या म्हणाल्या, “तुमच्यामुळं तर माहीत झालं.”

रविवार, ७ डिसेंबर

गर्दी. शाळांच्या सहली, बऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यातली कुटुंबे, नवी लग्ने झालेली जोडपी. हिरवा चुडा घातलेल्या दोन मुली तारेवर बसल्या; त्यांच्याकडे पाहताना मला ती काट मारलेली ओळ आठवली. विचारायला गेले नाही. कसे विचारणार?

वहिनी आता चार चाकांची गाडी चालवायला शिकत आहेत. दादा म्हणतो, बाई चालवताना दिसली की बाया येतात. मोहित म्हणतो, “भाभी ब्रेक को हाथ ही नहीं लगाती.” हे तो कौतुकाने म्हणतो.

जेवताना मी धीर करून दादाला म्हटले की वहिनींना इतके दमवू नये. तो चकित झाला. “मी दमवतो? अगं, तीच मागे लागते. चिमी झाल्यापासून पहिल्यांदा तिला अशी हौसेनं काही करताना पाहतोय. करू दे ना.”

खरे आहे. चिमीच्या वेळेनंतर वहिनी वर्षभर कोणाशी बोलतच नव्हत्या. मी तेव्हा परीक्षेच्या अभ्यासात होते. बाळंतपणात वार आत अडकली, रक्त थांबेना आणि रात्रीच भुसावळला न्यावे लागले, इतकेच मला ठाऊक आहे. आई तो विषय निघाला की म्हणते, “डॉक्टर लोक घाबरवतात. झालं ना सगळं ठीक?”

रविवार, १४ डिसेंबर

वहिनी पडल्या. गाडी वळणावर वळलीच नाही, सरळ बागेत घुसली आणि उलटली. बऱ्हाणपूरला नेले आहे. मी चिमीजवळ आहे. माझ्या शपथेने त्यांचे बाळ गेले असेल. मला लिहिता येत नाही.

सोमवार, १५ डिसेंबर

बाळ आहे!

खांद्याजवळचे हाड मोडले आहे, कपाळाला टाके आहेत, पण केळीचे खोड मऊ असते म्हणून छाती-पोटाला गंभीर इजा झाली नाही. पोटावर मार आहे का ते पाहण्यासाठी सोनोग्राफी केली आणि डॉक्टरांनी दादाला विचारले, “तुम्हाला माहीत नव्हतं?” दादा मला दवाखान्याच्या जिन्यावर भेटला, माझा हात धरून नुसता रडत होता. “भूमी, ठोके दाखवले मला. टिकटिक, टिकटिक. एवढं होऊनही!”

आईने तिथल्या तिथे पदर पसरून नमस्कार केला. संध्याकाळपर्यंत पेढे वाटून झाले. “माझ्या नातवानं मरणाला हरवलं,” असे ती प्रत्येक खाटेजवळ जाऊन सांगते. मोहितने गाडीला साखळी घातली.

वहिनी भिंतीकडे तोंड करून रडत होत्या. दादा म्हणाला, “बघ, आनंदानं रडतेय.” मलाही तसेच वाटले. मी त्यांच्या पायावर हात ठेवला. पाय थंड होता आणि त्यांनी तो हळूच काढून घेतला.

मंगळवार, १६ डिसेंबर

आज जे ऐकले ते जसेच्या तसे लिहिते. माझे शब्द मध्ये आणायचे नाहीत.

आई चहा प्यायला खाली गेली होती. शेजारची खाट रिकामी होती. वहिनी छताकडे पाहत म्हणाल्या, “तू सांगितलं होतंस पडल्यावर होतं.”

त्या मला पहिल्यांदाच ‘तू’ म्हणाल्या.

“काय होते, वहिनी?”

“पोट पडतं. तू सांगितलं. तारेवर नाही झालं, उडीनं नाही झालं. पडलेपण. एवढी जोरात पडले मी, भूमी. नाही झालं.”

मी शेजारच्या रिकाम्या खाटेवर बसले.

“चिमीच्या वेळी मी मेले होते,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला कोणाला कळलं नाही. पायापासून थंड होत वर येतं. गाडीत आई देवाचं नाव घेत होत्या आणि मला वाटलं, आता गळ्यापर्यंत आलं की संपलं. त्या डॉक्टरनं आईंना सांगितलं होतं, पुढच्या वेळी विचार करा. मी शुद्धीत होते, ऐकलं मी. आईंनी कधी काढलंसुद्धा नाही ते तोंडातून.”

“दादाला सांगितलेत?”

“काल सांगितलं ना. म्हणाले, यावेळी मोठ्या दवाखान्यात नेऊ, टेन्शन नको घेऊ. चांगलेच आहेत ते. त्यांना मुलगा पाहिजे, आणि मी पण पाहिजे. दोन्ही मिळेल असं वाटतं त्यांना.” मग म्हणाल्या, “मी गेले तर चिमीला कोण? तू तर लग्न होऊन जाशील.”

“मग दवाखान्यातच जायचे होते, वहिनी. हे असे...”

“सही कोण देणार? त्या रात्री त्यांची सही होईपर्यंत मला कोणी हात नव्हता लावला. नवऱ्याची सही लागते. ते देणार आहेत? आई देऊ देणार आहेत? पडून झालं असतं तर कोणाचं नाव नव्हतं. देवानं नेलं म्हणाले असते.”

जिन्यावर आईच्या चपला वाजल्या. वहिनींनी डोळे मिटले आणि एकदम कण्हायला लागल्या, हाड दुखते म्हणून.

घरी येऊन मी मागची पाने वाचली. सगळे माझ्याच अक्षरात लिहिलेले आहे. ‘इतकी जागरूक आई मी पाहिली नाही.’ मी प्रश्नाचे अचूक उत्तर दिले, परीक्षेत देते तसे; प्रश्न विचारणाऱ्या बाईकडे मान वर करून पाहिले नाही.

रविवार, २१ डिसेंबर

वहिनींना धूलकोटला, माहेरी, विश्रांतीसाठी पाठवले. आईने त्यांचा मोबाइल घरीच ठेवून घेतला: “त्याच्या किरणांनी बाळाला त्रास होतो.” चिमीलाही इथेच ठेवले, ती उड्या मारते म्हणून. खाटेवरून पाय खाली टाकायचा नाही, असे वहिनींच्या आईला बजावून सांगितले आहे. निघताना चिमी गाडीमागे धावली. वहिनींनी काच खाली केली नाही.

मी खरे लिहायचे ठरवले आहे, तर हेही लिहिते. मला भाचा किंवा भाची हवी आहे. पंधरा तारखेला मी मनात नावे शोधली होती. दादाने सांगितलेली ती टिकटिक मला झोपताना ऐकू येते. आणि वहिनी पुन्हा उडी मारतील, हेही मला ठाऊक आहे. धूलकोटच्या घरात माडी आहे, मागे विहीर आहे. या दोन गोष्टी एकाच डोक्यात कशा ठेवायच्या, हे कोणत्या पुस्तकात आहे?

सहीचे मलाही तसेच वाटत होते. मी कधी तपासून पाहिले नव्हते. पाहिले, तर मोबाइलवर कुठे एक लिहिलेले, कुठे दुसरे. तोंडाने विचारावे लागेल.

शुक्रवार, २६ डिसेंबर

बऱ्हाणपूरला एका बायकांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात गेले. नंबर आला. त्यांनी विचारले, “काय होतंय?” मी म्हणाले, “डोकं दुखतं.”

गोळ्या घेऊन परत आले. बसमध्ये स्वतःची इतकी किळस आली की खरोखरच डोके दुखू लागले.

सोमवार, २९ डिसेंबर

आज पुन्हा गेले. डॉक्टरीणबाईंनी ओळखले. “डोकं अजून दुखतंय?”

मी पाठ केलेले वाक्य म्हटले, सगळे एका श्वासात: “एका बाईला पोट पाडायचे आहे, पहिल्या वेळी वार अडकून ती मरता मरता वाचली, नवरा सही देणार नाही, तर काय करायचे?”

त्यांनी चष्मा काढला. “वय?”

“सव्वीस.”

“मग नवऱ्याची सही मागितली कोणी? अठरा वर्षं पूर्ण झालेल्या बाईची स्वतःची संमती लागते. नवरा, सासू, बाप, कोणाचीच नाही. तिचं नावही बाहेर जात नाही.”

मी त्यांना पुन्हा सांगायला लावले. त्यांनी पुन्हा सांगितले. मग विचारले, “त्या बाईनं आत्तापर्यंत घरी काही केलं? खरं सांग.”

मी तार, ट्रॉली, गाडी, सगळे सांगितले. त्यांनी हातातले पेन खाली ठेवले.

“तिला सांग, उड्या मारून पोट पडत नाही. बाई मरते. तिला इकडे आण. आधी मी तपासीन, मागच्या वेळेसारखं होण्याचा धोका किती ते तिला सांगीन. होईलच असं नाही, पण इतरांपेक्षा जास्त आहे. ऐकून ठेवायचं म्हणाली तर रक्ताची सोय असलेल्या मोठ्या ठिकाणी आतापासून नाव घालू. नको म्हणाली तर कायद्यानं करता येईल, पण उशीर नको. ठरवणार ती. तूही नाही, मीही नाही.”

मी बाहेर आले. दार पूर्ण लागलेले नव्हते. बाकावर आमच्या गल्लीतल्या मालूबाई बसल्या होत्या, मुलीच्या तपासणीसाठी. त्यांनी माझ्याकडे, मग माझ्या पोटाकडे पाहिले.

“काय गं भूमिका, एकटीच आली?”

“हो, काकू. डोकं दुखत होतं.”

“डोकं,” मालूबाई म्हणाल्या.

मंगळवार, ३० डिसेंबर

सकाळी आईने मला मारले. आयुष्यात प्रथम. मग जमिनीवर बसून तीच रडली. मालूबाईंनी किती ऐकले ते मला ठाऊक नाही; ‘पोट पाडायचं’ एवढे ऐकले, ते पुरेसे झाले.

दादा ओरडला नाही, त्यामुळे जास्त भीती वाटली. दाराला टेकून उभा राहिला. “कोण आहे तो? कॉलेजातला?”

मी नकारार्थी मान हलवली.

“मग मोहित? भूमी, मोहित आहे का? सांग, मी त्याचे हातपाय तोडतो.”

“कोणी नाही, दादा.”

“मग दवाखान्यात कोणासाठी गेली होतीस?”

‘मी नाही’ म्हटले की पुढचा प्रश्न ‘मग कोण’. आमच्या घरात दोनच तरुण बायका आहेत. उत्तर द्यायला त्याला एक क्षण लागला नसता, आणि संध्याकाळी तो धूलकोटला गेला असता. नंतर वहिनींना कोणी संडासालाही एकटे सोडले नसते. मी गप्प राहिले. गप्प राहणे मला येते. इतकी वर्षे ते माझे दुबळेपण होते.

“हिचं तोंड बघ,” आई म्हणाली. “पुस्तकं वाचून हे शिकली. प्रतिभाला बघ, सोन्यासारखी सून, आणि ही!”

दादा मोहितला शोधायला टेकडीकडे गेला आहे. मोहितचा काहीही दोष नाही आणि तो मार खाईल. हेही माझ्या खाती. मी मोबाइलवरून त्याला ‘आजच खंडव्याला जा, कारण विचारू नका’ असा निरोप धाडला आहे. दुपारी मामा येणार आहेत. ते आले की माझा मोबाइल घेतील, हे आई मोठ्याने सांगून गेली. सध्या ती चिमीला घेऊन मालूबाईंकडे, तोंड बंद ठेवा म्हणून हात जोडायला गेली आहे.

वहिनींची धाकटी बहीण रंजिता धूलकोटलाच असते, आणि तिच्याकडे मोबाइल आहे. मी तिला आधी फोन केला. तिला एवढेच सांगितले, की आता एक निरोप येईल, तो वहिनींना एकटीला वाचून दाखव आणि मग पुसून टाक. ती म्हणाली, “भूमीदीदी, ताई जेवत नाहीये. काल माडीवर जाऊन बसली होती. मी खाली आणली.”

आता मी संदेश लिहिला आहे. तो इथेही उतरवून ठेवते. मी तीन वेळा लांबलचक लिहिला, क्षमा मागितली, दादाची बाजू लिहिली, माझी लिहिली. मग सगळे खोडले. वहिनींनी मला जे विचारायला हवे होते आणि विचारता आले नाही, त्याचेच उत्तर ठेवले:

“वहिनी, तुमचीच सही लागते. दादाची नाही, आईची नाही. डॉक्टरीणबाईंनी दोनदा सांगितले. त्या तपासतील, धोका किती तो तुम्हाला सांगतील, मग ठेवायचे की नाही ते तुम्ही ठरवायचे. ठेवले तरी वाट आहे. नाही ठेवले तरी वाट आहे. उडी मारू नका, वहिनी. त्याने पोट पडत नाही, बाई मरते. शुक्रवारी रंजितासोबत बऱ्हाणपूरला या, खांद्याचा फोटो काढायचा म्हणून सांगा. मी बसस्थानकावर असेन. मला घराबाहेर सोडले नाही तर दवाखान्याचा पत्ता खाली आहे. चिमी बरी आहे. ती जेवली.”

बाहेर मोटारीचा आवाज आला. मामा असावेत.

पाठवला. मंगळवार, दिनांक ३० डिसेंबर २०२५, दुपारी दोन वाजून वीस मिनिटे.